वस्तीची बोट

परदेशातली बेटं बघायची तर रोज बॅगा उचलत फिरू नये, एका गावात मुक्काम ठोकावा, सकाळी बोटीनं जावं आणि संध्याकाळी परत यावं, असा सल्ला मला अनेकांनी दिला. त्यांच्यापैकी एकानंही माझ्या आई-बाबांबरोबर प्रवास केलेला नाही.

मुक्कामाचं गाव उत्तमच होतं. तकामात्सू. जपानच्या शिकोकू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरचं, कागावा प्रांताचं मुख्य ठिकाण. सत्तेचाळीस प्रांतांत हा प्रांत आकारानं सगळ्यात लहान. रेल्वे स्टेशन, बस स्टँड आणि बंदर एकमेकांपासून चालत पाच-दहा मिनिटांवर, आणि समोरच्या सेतो समुद्रात बेटंच बेटं. ओसाकाहून ओकायामापर्यंत शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, तिथून लोकल गाडी समुद्रावरचा पूल ओलांडून तासाभरात तकामात्सूला सोडते. हा पूल १९८८ साली सुरू झाला, त्याआधी रेल्वेचे प्रवासी बोटीनं पलीकडे जायचे, असं मी गाडीत वाचून दाखवलं.

बाबांनी विचारलं, "मग त्या बोटींवरचा स्टाफ कुठे वर्ग केला?"

बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. कोकणातल्या एका डेपोत खिडकीमागे बसून त्यांनी आयुष्यभर गाड्या सोडल्या. निवृत्तीनंतरही कुठलंही वेळापत्रक दिसलं की चष्मा वर करून ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, कंसातल्या सूचनांसकट. आईचं वेळापत्रक वेगळं. सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी आणि संकष्टी या दिवशी ती माशाला हात लावत नाही. उरलेल्या दिवशी माशाशिवाय ताटाला हात लावत नाही.

आता या दोघांच्या मध्ये जपानी बेटं आणून बसवा. नाओशिमावरची संग्रहालयं बहुतेक सोमवारी बंद. तेशिमाचं संग्रहालय मंगळवारी बंद. सोमवारी सार्वजनिक सुट्टी आली तर सोमवारी उघडं आणि दुसऱ्या दिवशी बंद. शोदोशिमावर समुद्रातून चालत जायची जी प्रसिद्ध वाट आहे ती ओहोटीलाच उघडते, म्हणजे तिचे वार चंद्र ठरवतो. आणि आमच्या आठवड्यातल्या शुक्रवारी संकष्टी होती, तीही चंद्रच ठरवतो. मी हे सगळं एका कागदावर आखून आणलं होतं. बाबांनी तो कागद हातात घेतला, खिशातून लाल पेन काढलं आणि म्हणाले, "मोकळे रकाने कमी आहेत."

सोमवारी बेटं बंद आणि आईचे मासेही बंद, म्हणून गावातच फिरायचं ठरलं. कागावा म्हणजे उदोनचं माहेरघर. जाड, पांढऱ्या, गव्हाच्या शेवयांसाठी या प्रांतानं जाहिरातीत स्वतःला 'उदोन प्रांत' म्हणवून घेतलंय. पाऊस इथे कमी, म्हणून भातापेक्षा गव्हाकडे कल, असं कारण सांगतात. इथली सेल्फ-सर्व्हिस उदोन दुकानं सकाळी लवकर उघडतात आणि शेवया संपल्या की बंद होतात. ताट घ्यायचं, एक गोळा की दोन ते सांगायचं, काही ठिकाणी जाळीच्या झाऱ्यात शेवया घालून आपणच गरम पाण्यात बुडवायच्या, आणि मग टाकीच्या नळाखाली वाडगा धरून रस्सा घ्यायचा.

आईनं नळ सोडला, वाफेवर नाक नेलं आणि नळ बंद केला.

"सुकी मांदेली उकळलीयेत."

मी म्हटलं, आई, हे साधं पाणी आहे, थोडं सोयासॉस वगैरे. पण आई बरोबर होती. इथल्या रश्श्याचा जीव म्हणजे इरिको, लहान मासे उकळून वाळवलेले, मांदेलीच्याच कुळातले. आयुष्यात कधी जपानला न आलेल्या बाईनं नुसत्या वासावर कूळ सांगितलं, याचा मला खरं तर अभिमान वाटायला हवा होता. पण मागे रांग खोळंबली होती आणि आई नळाकडे बोट दाखवून दुकानदाराला मराठीत "सोमवार, सोमवार" असं सांगत होती. दुकानदार दर वेळी अदबीनं मान लववत होता. शेवटी रस्सा न घेता नुसत्या सोयासॉसवर, मुळ्याचा कीस आणि कांद्याची पात घालून खायचा प्रकार सापडला. तिथेच रताळ्याची भजी होती. शेजारी माशाच्या लगद्याच्या नळीची भजी. "तेल एकच असणार," आई म्हणाली, आणि रताळं माझ्या ताटात आलं. बाबांनी तोवर दोन गोळ्यांचा वाडगा, भरपूर रस्सा आणि माशाची भजी घेऊन कोपरा गाठला होता. वारांच्या बाबतीत बाबा आईच्या खात्यात कधीच नव्हते.

दुपारी किल्ला बघितला. तकामात्सूचा किल्ला समुद्राला लागून, त्याच्या खंदकात गोडं पाणी नाही, समुद्राचंच पाणी येतं. त्यात माशांना खायला घालायची सोय आहे, आणि मासे म्हणजे ताई. आपल्याकडच्या तांबोशीची आठवण व्हावी असे गुलाबी, गुबगुबीत, प्रतिष्ठित मासे. आईनं खाद्य घेतलं आणि कठड्यापाशी उभी राहून बराच वेळ एकेक गोळी टाकत राहिली. वार सोमवार होता, पण ती त्यांच्याकडे मंगळवारच्या नजरेनं बघत होती.

मंगळवारी नाओशिमा. बोट ८ वाजून १२ मिनिटांनी.

"आठ बारा," बाबा रात्रीच म्हणाले. "आठ दहा नाही, सव्वाआठ नाही. म्हणजे कोणीतरी बसून विचार केलाय." या दोन मिनिटांवर ते इतके खूश झाले की पहाटे पाचला उठून बसले. साडेसातला आम्ही धक्क्यावर होतो. मी अजून अर्धा तास झोपले असते, पण बाबांच्या मते गाडी सुटायच्या आधीचा अर्धा तास हाच प्रवासाचा खरा भाग. त्यांनी तो पुरेपूर वसूल केला. बोटीचं तोंड उघडून पोटात मोटारी चढताना बघितल्या, हातानं इशारे करणाऱ्या माणसाच्या मागे जाऊन उभे राहिले, आणि एक ट्रक जरा तिरपा लागला तेव्हा दोघांनी मिळून नापसंती दाखवली. बरोबर आठ बाराला दोर सुटला. बाबांनी घड्याळ बघितलं, त्या माणसानं बाबांकडे बघितलं, आणि दोन निवृत्त होऊ न शकणाऱ्या माणसांनी एकमेकांना मान दिली.

पन्नास मिनिटांच्या प्रवासात मी समुद्र बघितला. बाबांनी भिंतीवरचं वेळापत्रक. थोड्या वेळानं ते माझ्याशेजारी येऊन बसले.

"यात एक गंमत आहे. तुझ्या लक्षात आली का?"

"काय?"

"सकाळची पहिली बोट तकामात्सूहून सुटत नाही. बेटावरून सुटते, सातला. आणि तकामात्सूहून संध्याकाळी सहानंतर जी शेवटची जाते, ती परत येत नाही. रात्री बेटावर. ही वस्तीची गाडी आहे!"

मग त्यांनी मला पाचवीतल्या मुलीला समजवावं तसं समजावलं. वस्तीची गाडी संध्याकाळी गावात जाते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात, पहाटे गावातली माणसं घेऊन ती तालुक्याला येते. दवाखाना, बाजार, कोर्ट, कॉलेज. दिवसभर कामं उरकून माणसं शेवटच्या गाडीनं घरी. हे वेळापत्रक त्या माणसांसाठी लावलेलं आहे. "आणि आपण," बाबा म्हणाले, "उलट्या दिशेनं चाललोय. सकाळी रिकाम्या जाणाऱ्या फेरीत बसतो आणि त्यांच्या परतीच्या वेळेला आपण परतायला बघतो. आपल्यासाठी पाचची फेरी ठेवलीय हेच उपकार."

मार्गदर्शक पुस्तकं चाळून मला जे कळलं नव्हतं ते भिंतीवरच्या एका तक्त्यानं बाबांना सांगितलं होतं. मुक्कामाचं गाव म्हणून तकामात्सू निवडल्याचा माझा रुबाब तिथेच संपला. ते गाव बेटवाल्यांनी आधीच निवडलेलं होतं, तालुक्याचं गाव म्हणून.

नाओशिमावर यायोई कुसामा या जपानी कलावतीची दोन भोपळ्यांची शिल्पं आहेत. लाल धक्क्याजवळ, पिवळा दक्षिणेकडच्या एका जेट्टीच्या टोकाला. हा पिवळा ऑगस्ट २०२१च्या वादळात समुद्रात वाहून गेला होता, मग २०२२ साली नवा आणून बसवला. फोटोसाठी शिस्तीत रांग. आईनं भोपळ्याभोवती फेरी मारून विचारलं, "वादळ येणार कळल्यावर आत घेता आला नाही का?" कलेबद्दल याहून व्यवहारी प्रश्न मी ऐकलेला नाही. तादाओ आंदोनं जमिनीखाली बांधलेल्या संग्रहालयात क्लोद मोनेनं रंगवलेली कमळं आहेत, दिवे नाहीत, वरून येणाऱ्या उजेडातच बघायची. तिथे आम्हाला ठरावीक वेळेचं तिकीट होतं, आणि खोलीत आई इतकी गप्प उभी राहिली की मी चकित झाले. बाहेर आल्यावर म्हणाली, "छान आहे. पण बाबांना हलवा, ते चार वाजल्यापासून पाचच्या बोटीचं बोलतायत."

बुधवारी शोदोशिमा. ऑलिव्ह आणि सोयासॉसचं बेट, शिवाय जगातली सगळ्यात अरुंद सामुद्रधुनी, जेमतेम ९.९३ मीटर. ती ओलांडल्याचा दाखला मिळतो. बाबांनी घेतला नाही. "एवढ्याला वहाळ म्हणतात," असं म्हणून पुढे गेले. पण समुद्रातल्या वाळूच्या वाटेशी मात्र त्यांचं लगेच जमलं. भरती-ओहोटीच्या वेळा हॉटेलातल्या मुलीला विचारायच्या आधीच त्यांनी पौर्णिमेपासून बोटांवर मोजून सांगितल्या होत्या, आणि त्या अर्ध्या तासाच्या फरकानं बरोबर निघाल्या. त्या अर्ध्या तासाचा दोष त्यांनी जपानला दिला.

या वाटेवरून जोडप्यानं हातात हात घालून गेलं तर मनातलं पूर्ण होतं, अशी समजूत आहे. मी हे सांगताच बाबांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. लग्नाला चाळीसहून जास्त वर्षं झाली, आता काय मागायचं, असा त्यांचा मुद्दा. मध्यावर वाळू ओली होती, बाबांचा पाय सटकला आणि आईनं त्यांचं कोपर पकडलं. समोरून येणाऱ्या दोन जपानी मुलींनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी हात सोडवून घेतला नाही. पण पलीकडे पोचल्यावर "हे धरण्यात मोडत नाही" असं स्पष्टीकरण दिलं.

गुरुवारी तेशिमा, आई पुन्हा शाकाहारी, मी पिशवीत दशम्या बांधून. या बेटावर कितीतरी वर्षं बाहेरून आणलेला औद्योगिक कचरा बेकायदा टाकला गेला, नऊ लाख टनांहून जास्त. गावकरी लढले, २००० साली तडजोड झाली आणि तो कचरा बोटींनी शेजारच्या नाओशिमावर नेऊन तिथे त्याची विल्हेवाट लावली. बाबा हे ऐकून बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्याही फेऱ्या कोणीतरी लावल्या असतील." चढावरच्या रस्त्यांवर बाकी सगळे बॅटरीच्या सायकली घेऊन गेले, आम्ही गावच्या छोट्या बसची वाट बघत बसलो. बाबांना ती बस फार आवडली.

संग्रहालय म्हणजे पाण्याच्या थेंबाच्या आकाराची पांढरी काँक्रीटची कमान, खांब एकही नाही, वर दोन मोठी भोकं, त्यांतून ऊन, वारा, पाऊस थेट आत. र्‍यूए निशिझावानं बांधलेली, आतलं काम रेई नाइतो यांचं. जमिनीतल्या बारीक छिद्रांतून पाण्याचे थेंब वर येतात, घरंगळतात, एकमेकांना मिळतात. चपला काढून आत जायचं, बोलायचं नाही. माणसं ध्यान लावून बसलेली. आईनं कोकणातल्या घरात चाळीस पावसाळे काढलेत. ती वाकली, जमिनीला बोट लावलं, वर भोकाकडे बघितलं आणि त्या शांततेत कुजबुजली, "ओल आलीय."

आणि ती कुजबुज त्या कमानीत अशी घुमली की पलीकडच्या टोकाला बसलेल्या माणसानं डोळे उघडले.

शुक्रवारी संकष्टी. आईनं बोटीवर बसायला नकार दिला. "चंद्रोदयाच्या वेळी समुद्रात अडकले तर?" मग पुन्हा तकामात्सू, पण या वेळी गावाच्या दुसऱ्या टोकाला. छोट्या रेल्वेनं याकुरी स्टेशन, तिथून डोंगरावर केबलची गाडी, आणि वर याकुरी-जी हे देऊळ. शिकोकूच्या ८८ देवळांच्या यात्रेतलं ८५वं. तिथले शोतेन प्रसिद्ध, आणि शोतेन म्हणजे आपला गणपतीच, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला पोचलेला. हे मी सहज बोलून गेले. आईनं माझ्याकडे असं बघितलं की जणू इतके दिवस मी तिला मुद्दाम भोपळे दाखवत फिरवलं.

मूर्ती मात्र दिसत नाही, शोतेनची मूर्ती झाकून ठेवायची रीत आहे. त्यांची खूण म्हणजे पैशांचा बटवा आणि एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन मुळे.

"मुळा?" आई म्हणाली. "दुर्वा नाहीत?"

"इथे मुळा चालतो, आई."

तिनं क्षणभर विचार केला. "चालू दे. इकडे मिळत नसतील." देवाला दिलेली ही सवलत बघून बाबांनी मोठ्या आशेनं विचारलं की मग आज उदोनचा रस्सा... आईनं उत्तर दिलं नाही.

रात्री हॉटेलच्या खिडकीत बसून चंद्राची वाट बघणं सुरू झालं. कालनिर्णयातली वेळ मुंबईची, ती इथे उपयोगाची नाही, हे बाबांनी सकाळीच जाहीर केलं होतं आणि स्वतःची वेळ काढून कागदावर लिहून ठेवली होती. चंद्र अकरा मिनिटं उशिरा उगवला. बाबांनी कागदावर लाल पेनानं नोंद केली. आईनं नमस्कार केला, देवळाखालून आणलेला हिरवट मोची, म्हणजे चिकट तांदळाचा गोळा, नैवेद्य म्हणून ठेवला, आणि घास घ्यायच्या आधी फोन उचलून मुंबईला मोठ्या काकूंना लावला. तिकडे संध्याकाळचे साडेपाचही वाजले नव्हते.

"वहिनी, आमचा उगवला हो. मी सोडते आता. तुमचं चालू दे सावकाश."