गार्निएच्या ऑपेराखालचं पाणी गात नाही

पॅरिसच्या पॅले गार्निए या ऑपेराबद्दल एक मजकूर सगळीकडे फिरतोय. म्हणे, वास्तुकार शार्ल गार्निएने आवाज घुमावा म्हणून इमारतीखाली मुद्दाम तळं खोदलं, ध्वनीचं अचूक गणित त्याला अवगत होतं आणि म्हणूनच तिथे कुठल्याही खुर्चीवर कुजबुजसुद्धा ऐकू येते. यातली इमारत तेवढी खरी.

आधी तळं. 1861मध्ये पाया खणताना भूजल लागलं. वाफेवरचे पंप महिनोन्महिने रात्रंदिवस चालले, तरी पाणी हटेना. शेवटी गार्निएने पाया दुहेरी केला आणि रंगमंचाच्या खाली, अगदी तळाला, कमानदार टाकी बांधून तीत पाणी भरून ठेवलं. बाहेरून रेटणाऱ्या पाण्याला आतलं पाणी तोलून धरतं, एवढंच. वर तळघरांचे मजलेच्या मजले. गाणं तिथवर पोहोचतच नाही, तर परतून काय येणार? अग्निशमन दलाचे पाणबुडे मात्र तिथल्या अंधारात सराव करतात. तळ्यात नाव घालणारं भूत ही 1910च्या सुमाराच्या एका कादंबरीची करणी.

गणिताचा दावा तर गार्निएनेच निकालात काढलाय. या विषयामागे वर्षानुवर्षं लागूनही हाती परस्परविरोधी मतंच आली, असं त्याने लिहून ठेवलंय. कुठलाही सिद्धांत पाळला नाही, सगळं नशिबावर सोडलं. वर जाणाऱ्या बलूनच्या दोरीला डोळे मिटून लटकणाऱ्या कसरतपटूसारखी आपली गत होती, हेही त्याचंच म्हणणं. इतका प्रांजळ वास्तुकार विरळा! ऑपेरा उघडला 5 जानेवारी 1875ला. सभागृहात आवाज किती वेळ रेंगाळेल याचं सूत्र अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सबिनने बसवलं ते त्यानंतर, 1898च्या सुमारास.

मग आवाज चांगला का? घोड्याच्या नालेसारखा आकार ही इटालियन नाट्यगृहांची जुनी, अनुभवाने घडलेली वाट. सोनेरी नक्षीकामावर आपटून आवाज विखुरतो. मखमल आणि माणसं तो शोषून घेतात. तो विरायला जेमतेम सव्वा सेकंद लागतो. व्हिएन्नाच्या म्युझिकफेराइन या संगीत सभागृहात साधारण दोन. त्यामुळे गार्निएमध्ये गायकाचे शब्द एकमेकांवर चढत नाहीत, पण वाद्यवृंदाची मोठी सिंफनी कोरडी वाटते.

राहिली कुठलीही खुर्ची. बाजूच्या बॉक्समध्ये मागे बसलात तर आवाज दबलेला येतो आणि रंगमंच अर्धाच दिसतो. अशी तिकिटं 'कमी दिसेल' असं सांगूनच विकतात. जाणार असाल तर समोरच्या बॉक्सची पहिली ओळ मिळते का बघा.