फक्त ॲप टाकायचं होतं

रात्री नऊला ऑफिसचा मेल आला. उद्या सकाळी अकराची मीटिंग नव्या ॲपवर होईल, सर्वांनी ते आजच इन्स्टॉल करून ठेवावे, दोन मिनिटांचे काम आहे. एखादं काम दोन मिनिटांचं आहे असं लेखी कळवावं लागतं, तेव्हा माणसाने आधी जेवून घ्यावं. मी न जेवता बसलो.

लॅपटॉपवर फाइल उतरवली, डबल क्लिक केलं. ‘या ॲपला तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बदल करू द्यायचे का?’ हो बाबा, कर. हिरवी पट्टी सुरू झाली. सत्तरपर्यंत ती अशी धावली की मी मनातल्या मनात मेलला उत्तरही लिहून टाकलं. ८८, ८९, ९०... आणि नव्वदीत शिरलेल्या फलंदाजासारखी चाचपडायला लागली. मी श्वास रोखून बसलो. मग माझ्या डोळ्यांदेखत ती उलटी चालू लागली. ८५, ७०, ४०. त्याला ‘रोलबॅक’ म्हणतात. इन्स्टॉलेशन फसलं की जे जे टाकलं ते ते उचलून नेऊन जागा पूर्ववत करायची, अशी ती सभ्य व्यवस्था आहे. पण पुढे गेलेली पट्टी मागे येताना बघणं हा अनुभव काही सभ्य नाही. शून्यावर आल्यावर एक खोका उघडला: ‘त्रुटी ०एक्स८००७०६४३’. खाली एकच बटण, ‘ओके’. नॉट ओके म्हणायची सोयच नव्हती.

मग मी तो आकडा घेऊन नेटवर हिंडायला लागलो. माझ्याआधी तिथून अनेक दुःखी जीव गेलेले होते, आणि प्रत्येकाने एकेक उपाय ठेवला होता. अँटिव्हायरस बंद करा. टेम्प फोल्डर रिकामं करा. राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करा. (माझ्याच लॅपटॉपवर मी मालक म्हणून वेगळं जाहीर करायचं, हे मला त्या रात्री कळलं.) मी सगळं केलं. दर वेळी नव्वद, दर वेळी परत. तिसऱ्या वेळी आकडा बदलला: १६०३. मला वाटलं, चला, निदान आजार तरी बदलला! अर्धा तास १६०३ चे उपाय केले. मग कुठेतरी वाचलं की त्या लांबलचक आकड्यातलं शेवटचं ६४३ हे सोळाच्या पद्धतीने, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजून, लिहिलेलं असतं. कॅल्क्युलेटर काढला. सहा गुणिले २५६, अधिक चार गुणिले सोळा, अधिक तीन. १६०३. म्हणजे तोच गृहस्थ मघाशी कोट घालून आला होता आणि आता बनियनवर.

१६०३ चा अर्थ ‘इन्स्टॉलेशनदरम्यान घातक चूक’. कोणती चूक? घातक.

चौथ्या प्रयत्नाला १६१८ आला. हा मात्र सज्जन निघाला, कारण सांगतो: ‘दुसरं एक इन्स्टॉलेशन आधीच चालू आहे.’ विंडोजचा इन्स्टॉलर एका वेळी एकाचंच काम घेतो, बाकीच्यांनी रांगेत उभं राहायचं. पण मी तर दुसरं काहीच लावलं नव्हतं! सगळ्या खिडक्या एकेक करून खाली केल्या, तर सगळ्यांच्या मागे, तळाशी, प्रिंटरच्या सॉफ्टवेअरचा खोका उघडा. ‘पुढे जाण्यासाठी नेक्स्ट दाबा.’ प्रिंटर मी मागच्या आठवड्यात जोडायला घेऊन अर्धवट सोडला होता, आणि मघाशी उपाय करता करता तेच काम कधीतरी पुन्हा सुरू झालं होतं. तेव्हापासून तो बिचारा तिथे उभा होता. मी नेक्स्ट दाबलं. त्याचं काम झालं. माझ्या ॲपचं पुन्हा १६०३.

साडेअकराला लॅपटॉप मिटला आणि फोन घेतला. ॲप फोनवरही चालतं म्हणे. ॲपचं दुकान उघडलं तर मधोमध एक ढग आणि त्याखाली, ‘कनेक्शन तपासा आणि पुन्हा प्रयत्न करा’. पुन्हा प्रयत्न केला. ढग. विमानात बसल्याप्रमाणे एअरप्लेन मोड चालू करून बंद केला. ढग. फोन बंद करून चालू केला. दुकानाची कॅश (गल्ला नव्हे, फोनने तात्पुरती साठवलेली माहिती) साफ केली. मग जागा कमी पडत असेल अशी शंका आली. ही शंका अगदीच वेडी नाही, कारण ॲप शंभर एमबीचं असलं तरी फोनला आलेलं गाठोडं ठेवायला आणि ते सोडून मांडायला त्याहून जास्त जागा लागते. म्हणून मी गॅलरी साफ करायला बसलो. चारशे बारा स्क्रीनशॉट निघाले. त्यातले निम्मे ‘हे नंतर वाचायचं’ म्हणून काढलेले होते. त्यातला एक तर ‘फोनमधली जागा कशी वाचवावी’ या लेखाचा. तो ठेवला.

ढग जागेवरच. मग अतिशहाणपणा केला. वायफायचं नेटवर्क फोनला ‘विसरायला’ सांगितलं. फोन विसरला. आपण पासवर्ड लक्षात ठेवलाय का, हे त्याने आधी विचारलं नाही. रात्री बाराला मी कपाटाखाली पालथा पडून राउटरच्या बुडाखालचं लेबल फोनच्या टॉर्चच्या उजेडात वाचत होतो. मुंगीच्या अक्षरात सोळा खुणा. त्यातलं चौथं शून्य आहे की ओ? नववं एक आहे की एल? दोन शक्यता इकडे, दोन तिकडे, म्हणजे चारच प्रकार, पण मला सात प्रयत्न लागले. दरम्यान राउटरची वायर निघाली, ती वेगळीच गोष्ट.

नेट चालतंय का बघायला फोनवर ब्राउझर उघडला. तिथे लाल रंगात काहीतरी मोठ्ठं आलं. एव्हाना मला लाल रंगाचा इतका वीट आला होता की मी न वाचताच ते बंद केलं. लॅपटॉपवर त्याच वायफायवर सगळं उघडत होतं, त्यामुळे फोनच गेला असा निष्कर्ष काढून मी झोपलो. एक बरं होतं, संध्याकाळपासून फोन अगदी शांत होता. ना मेसेज, ना कुणाचा फॉरवर्ड. लोकांना उशिरा का होईना समज आली, असं वाटलं.

सकाळी साडेनऊला भाचीचा साधा फोन आला.

“मामा, जिवंत आहेस ना? काल रात्रीपासून तुला केलेल्या मेसेजला एकच टिक आहे.”

मी तिला सगळी कर्मकथा ऐकवली. पट्टी, १६०३, राउटर. तिने मधे एकदाही ‘अरेरे’ म्हटलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, “फोनवर तारीख काय दिसतेय?”

मी पाहिली. महिना बरोबर. दिवस बरोबर. वर्ष पुढचं.

“हे असं कसं झालं?” ती म्हणाली.

आता हे तिला कसं सांगायचं? मी फोनवर गोळ्या जुळवण्याचा एक खेळ खेळतो. त्यात पाच जीव मिळतात, आणि गेलेला जीव परत यायला अर्धा तास लागतो. फोनचं घड्याळ एक दिवस पुढे केलं की पाचही जीव लगेच हजर, हा शोध मी स्वतः लावला होता. काल संध्याकाळी सातला तेच करायला गेलो आणि दिवसाऐवजी वर्षाचं चाक फिरलं असणार. जीव आले, ते गेले, आणि घड्याळ मागे न्यायचं राहून गेलं.

“काही नाही, आपोआप झालं असेल,” मी म्हणालो.

“आपोआप ते नीट होतं, मामा. ‘ऑटोमॅटिक वेळ’ चालू कर.”

मग तिने समजावलं. फोन कुठल्याही सर्व्हरशी बोलण्याआधी त्याचं ओळखपत्र बघतो. त्यावर कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं, आणि फोन ती मुदत स्वतःच्या घड्याळाशी ताडून बघतो. सप्टेंबर २०२० पासून अशी प्रमाणपत्रं ३९८ दिवसांपेक्षा जास्त मुदतीची देत नाहीत, आणि पुष्कळांची मुदत तर ९० दिवसांत संपते. “म्हणजे तुझ्या फोनच्या मते सगळं जग एक्स्पायर झालेलं होतं. ॲपचं दुकान, मेसेज, सगळं. ब्राउझरने सांगितलं असेल की तुला. लाल अक्षरात काही आलं नव्हतं?”

आलं होतं. नंतर मी मुद्दाम तारीख पुढे करून ते पान पुन्हा काढलं आणि वाचलं. ‘तुमचे घड्याळ पुढे आहे.’ इतकं सरळ, शुद्ध मराठीत. रात्रभरात भेटलेल्या सगळ्या यंत्रांमध्ये तेवढं एकच खरं बोललं होतं, आणि नेमकं त्यालाच मी दारातून परत पाठवलं.

तारीख नीट केली. ॲप अकरा सेकंदांत आलं. पाठोपाठ एकशे सत्तावीस मेसेजही आले.

“आणि लॅपटॉपवर खाली सर्चमध्ये त्या ॲपचं नाव टाकून बघ,” भाची फोन ठेवता ठेवता म्हणाली. टाकलं. ॲप उघडलं. ऑफिसने लॅपटॉप देतानाच ते त्यात घालून दिलेलं होतं, फक्त त्याचं चित्र समोर ठेवलेलं नव्हतं. मायक्रोसॉफ्टच्या मदतपानावर १६०३ ची जी मोजकी कारणं दिली आहेत, त्यातलं एक नेमकं हेच: तुम्ही टाकू पाहताय ते आधीच टाकलेलं आहे. तेही मी रात्री वाचलं होतं. वाचून ‘हे आपलं नाही’ म्हणून पुढे गेलो होतो.

अकराला मीटिंग सुरू झाली. पहिली वीस मिनिटं ‘माझा आवाज येतोय का’ यात गेली. साडेअकराला कुणीतरी तक्ता दाखवायला घेतला, तेव्हा मी टेबलाखाली हळूच खेळ उघडला. जीव शून्य. त्याखाली छोट्या अक्षरात काहीतरी होतं. या वेळी मी नीट, शेवटपर्यंत वाचलं.

‘पुढचा जीव: ३६४ दिवस ८ तासांनी.’

भाचीला मेसेज केला, यावर काही उपाय आहे का? लगेच दोन टिका आल्या. त्या निळ्याही झाल्या. उत्तर अजून आलेलं नाही.