‘निषेधाचे ठराव म्हणजे नुसते कागद’ हे अर्धसत्य आहे

इराणमधल्या बहाई या अल्पसंख्य धर्माच्या लोकांबद्दल तुम्ही लेखात लिहिलंय की जगाच्या दबावाने काहीच साधलं नाही. हे मला पटलं नाही. १९८३ साली अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी जाहीर आवाहन करूनही जूनमध्ये इराणने शिराझ शहरात दहा बहाई स्त्रियांना फाशी दिली, हे खरंच. त्यातली सर्वांत लहान मुलगी १७ वर्षांची होती, मुलांना धर्माचे धडे द्यायची. पण १९७९ च्या इस्लामी क्रांतीनंतरच्या काही वर्षांत दोनशेहून अधिक बहाई मारले गेले. ते सत्र पुढे ओसरलं, ते काही राज्यकर्त्यांना दया आली म्हणून नव्हे. जगाचं लक्ष होतं म्हणून.

मात्र मग छळाने रूप बदललं, आणि लेखात नेमकं तेच राहून गेलंय. इराणी सरकारच्या १९९१ च्या गुप्त टिपणात लिहिलं होतं की बहाईंची प्रगती रोखावी, विद्यापीठातून काढून टाकावं. संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीने ते १९९३ मध्ये उघड केलं, म्हणून निदान जगाला कळलं. पुण्यात आमच्या शेजारी एक इराणी बहाई मावशी राहायच्या. विद्यापीठाचं दार बंद, म्हणून त्यांचा भाचा तिकडे कुणाच्या तरी दिवाणखान्यात बसून इंजिनिअरिंग शिकला, झेरॉक्स केलेल्या नोट्सवर. एकदा पोलीस येऊन पुस्तकं, कॉम्प्युटर सगळं उचलून घेऊन गेले. हे सांगताना मावशी हातातली चहाची पेली खाली ठेवायच्या आणि बराच वेळ उचलायच्याच नाहीत. फाशीची बातमी होते, नाकारलेल्या प्रवेशाची होत नाही. दबाव आणायचाच तर तो या दारांवरही आणायला हवा.