पिल्लू खात नाही म्हणून मला बोलावलं होतं

गेल्या श्रावणात बेळगावच्या शहापुरातल्या एका घरातून फोन आला. मला वाटलं घरात साप शिरला. तर पोरानं पाळलेलं बॉल पायथन ह्या अजगराचं पिल्लू तीन आठवडे उपाशी होतं. त्याची आई म्हणाली, "दादा, दृष्ट लागली काय की बघा ह्याला."

डबा खिडकीखाली, गार फरशीवर. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर, आपला पावसाळी गारठा तुम्हाला ठाऊक आहे. आफ्रिकेतल्या ह्या सापाला डब्याच्या एका बाजूला तरी ३१-३२ अंशांची ऊब लागते. गारठ्यात त्याला पचतच नाही, मग ते खाईल कशाला? त्यात पोरगा रोज हातात घेऊन मित्रांना दाखवायचा.

अंड्यातून निघालेलं पिल्लू तसंही लगेच खात नाही. पोटात बलक शिल्लक असतो, पहिली कात टाकेपर्यंत त्यावर निभतं. नंतरही नाही खाल्लं तर अंधार, लपायला जागा, ऊब, पाणी द्या आणि त्याला हात लावू नका. पाच-सहा दिवसांनी पुन्हा उंदीर दाखवा. तोंड उघडून कोंबणं अगदी शेवटचं, तेही सापांची माहिती असलेल्या डॉक्टरांकडून. नागपंचमीला नागाला दूध पाजणं चुकीचं, हे आता बऱ्याच जणांना पटलंय. हा कोंबण्याचा प्रकार त्याच जातीचा आहे.

डबा उबेला हलवला. मग पिल्लानं मान फिरवली ती थेट उलटी, टाळू खाली, हनुवटी वर. पोरगा म्हणाला, "काका, लाडात आलं की असंच करतंय."

लाड नव्हेत ते. पिल्लाच्या अंगावरच्या ह्या नक्षीला 'स्पायडर' म्हणतात. आई-बापांपैकी एकाकडून जनुक आलं तरी पुरतं, आणि नक्षीसोबत मान फिरण्याचा हा दोषही येतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा सापांच्या कानाच्या आतले, तोल सांभाळणारे भागच बिघडलेले दिसले. विकणाऱ्यानं पोराला सांगितलं होतं, "मोठं झालं की जातंय." जात नाही. औषधही नाही.

अंडी उबवताना उष्णता जास्त झाली की कण्यात वाक असलेली पिल्लं निघतात. ती चूक होऊ शकते, पुढच्या वेळी सुधारता येते. पण डोकं फिरणार हे माहीत असून फक्त नक्षीसाठी जोड्या लावायच्या, ह्याला मी चूक म्हणणार नाही. हा धंदा बंद व्हायला पाहिजे, आणि आपण घेणं थांबवलं तरच होईल. बॉल पायथन पाळायचाच असेल तर साधा घ्या, केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करा. धामण, दिवड, नाग घरात ठेवणं तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हाच आहे.

अकराव्या दिवशी पोरानं कोमट केलेला छोटा उंदीर चिमट्यानं समोर धरला. पिल्लाच्या तीन झेपा हुकल्या, चौथ्या झेपेला धरला. गिळतानाही मान फिरतच होती.