खुलासा : मुखवटा घातला म्हणजे ओळख लपली, असं नाही

दोरबंधनाच्या (संमतीनं दोरीनं बांधण्याच्या प्रणयखेळाच्या) रील्स गाजू लागल्यापासून जळगाव-धुळ्याकडं एक सल्ला फिरतोय : ‘चेहरा झाका, टेलिग्रामवर टोपणनाव ठेवा, बस्स.’ हे अपुरं आहे. टोपणनावाखाली तुमचा नंबर असतोच. ज्याच्याकडं तो सेव्ह आहे, त्याला खातं सापडतं. आणि खान्देशात निम्मं गाव नातलग!

टेलिग्रामच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये ‘फोन नंबर’ला ‘नोबडी’ करा. मग खाली ‘नंबरवरून कोण शोधू शकेल’ दिसतं, तिथं ‘माय कॉन्टॅक्ट्स’ निवडा. कॉन्टॅक्ट्सचं सिंक (फोनमधली नंबरयादी टेलिग्रामवर चढणं) बंद करून आधी चढलेले कॉन्टॅक्ट्सही पुसा. बहुतेक जण हेच विसरतात.

फोटो ‘फाइल’ म्हणून पाठवला, तर त्यातलं जीपीएस ठिकाण सोबत जाऊ शकतं. हातावरचं गोंदण, खिडकीतली केळीची बाग मात्र कुठलीच सेटिंग झाकत नाही.

संमतीशिवाय गुप्तांगांचा फोटो पसरवणं आयटी कायद्याच्या कलम 66-ई खाली गुन्हा आहे : 3 वर्षांपर्यंत कैद, 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.