‘हमखास रोहू-कटला’ फॉरवर्डला उत्तर

पाऊस ओसरला की मुंबईत गळ टाकणाऱ्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हटकून येतो. त्यातला मजकूर असा: कार्प (रोहू-कटल्याच्या कुळातले गोड्या पाण्यातले मासे) तळालाच खातात, म्हणून शिसं लावून आमिष तळाला बसवा. तिथंच दोन किलो पाव आणि पेंड ओता. वास जितका उग्र, तितका मासा मोठा. गळ पिठात पूर्ण लपवा. विहार-तुळशी तलावांवर तर हमखास!

तळापासूनच सुरुवात करू. सगळे कार्प तळाला खात असते, तर एकाच तळ्यात कटला, रोहू आणि मृगळ एकत्र सोडून कुणी मासे वाढवलेच नसते. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं आणि खालचा जबडा पुढे आलेला. तो वरच्या थरातले बारीक जीव टिपतो. रोहू मधल्या पाण्यात चरतो. मृगळ तळाशी, आणि चिखल उकरणारा सायप्रिनसही (कॉमन कार्प) तळाशी. म्हणजे हा सल्ला दोघांपुरता खरा आहे, पण शीर्षकात नावं आहेत ती नेमकी दुसऱ्या दोघांची. कटला हवा असेल तर बूच बांधून आमिष वरच्या पाण्यात अधांतरी ठेवा. चंदेरा (सिल्व्हर कार्प) पाणी गाळून सूक्ष्म शेवाळ खातो, त्याच्यासाठी कणकेचे गोळे वळत बसू नये.

आता ते दोन किलो. या कुळातल्या माशांना जठरच नसतं. घास घशातल्या दातांनी चिरडला की थेट आतड्यात जातो. त्यामुळे हे मासे थोडं थोडं, पण सतत खातात. पाव-पेंडीचा ढीग ओतला की ते त्याच्यावरच चरत राहतात आणि तुमची एक गोळी त्या पंगतीत हरवून जाते. उरलेलं कुजतं, कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं. पवई तलावात जलपर्णी आणि सांडपाण्यामुळे आधीच पाण्याचा जीव घुसमटलेला, त्यात पहाटे प्राणवायू सगळ्यात कमी. तिथं मूठभर चारा टाका, खाल्लेला दिसला तरच पुन्हा टाका. उल्हास नदीवर, बदलापूर-कर्जतकडे, वेगळीच गंमत: ओतलेला चारा गळाजवळ थांबतच नाही. प्रवाहाच्या वरच्या अंगाला, चिकणमातीत मळून जड केलेले गोळे टाकावे लागतात.

उग्र वासाचं म्हणाल, तर चिमूटभर हिंगाशी माझं भांडण नाही. पण तेलकट अत्तर पाण्यावर तवंग धरून पसरतं. माशाला कळतं ते पाण्यात विरघळलेलं, विशेषतः अमिनो आम्लं. त्याचं नाक ती ओळखतं, शिवाय ओठांवर चव ओळखणाऱ्या कळ्या असतात. रात्रभर भिजवून किंचित आंबवलेली शेंगदाणा पेंड म्हणूनच महागड्या बाटलीपेक्षा बरी.

गळ लपवणं मऊ कणकेत चालतं, कारण झटका दिला की ती फाटते. घट्ट गोळीत मात्र फसगत होते. कार्प घास शोषून आत घेतो, संशय आला की फुंकून बाहेर टाकतो, आणि पिठात पुरलेला गळ कुठेही न रुतता गोळीबरोबर बाहेर येतो. इंग्लंडमधल्या कार्पवाल्यांनी 1980 च्या सुमारास यावर उलटा उपाय काढला: आमिष गळाला न टोचता खाली बारीक धाग्याला लटकवायचं आणि गळ उघडा ठेवायचा. घास थुंकताना टोक ओठात रुततं.

राहिलं विहार-तुळशी. दोन्ही तलाव राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात, दोन्हींचं पाणी मुंबई पिते. तिथं गळ टाकायला बंदी आहे. तेवढी ओळ तरी पुढे पाठवण्याआधी खोडा.