तो दगड नव्हता

परवापासून भेटेल त्याला मी हे एकच वाक्य ऐकवतो आहे. समोरचा ऐकून घेतो आणि 'बरं' म्हणतो. त्या 'बरं'मध्ये जी दया असते ना, तिने माझं डोकं फिरतं.

प्रसंग थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझं कर्तृत्व बेताचंच आहे. सकाळची वेळ, मासे धरायला निघालेला मी आणि माझी कयाक, एकट्याने वल्हवायची अरुंद होडी, धक्क्यापासून जरा लांब. लुअर (गळाचं नकली आमिष) टाकला, चार वेळा रील फिरवलं आणि रॉड पाण्यात नाक खुपसायला निघाला. दोरी 40 पौंडांचा ताण सोसणारी, ड्रॅग (जास्त ओढ आली की दोरी सोडणारा रीलचा ब्रेक) तिच्या पावपट, म्हणजे साधारण साडेचार किलोवर लावलेला. साडेचार किलो म्हणजे किरकोळ वाटत असेल, तर तेवढ्या वजनाची पिशवी लांब काठीच्या टोकाला अडकवून धरून बघा. आणि ती पिशवी तुमच्यावर चिडलेली आहे, असं समजा.

ड्रॅगने दोरी सोडली, तरी कयाक निघालीच. मोठ्या बोटीवर माणूस उभा राहतो, पाय रोवतो, मागे रेलतो. इथे बूड पाण्यापासून वीतभर वर, पाय समोर पसरलेले आणि रॉडचा दांडा पोटात रुतलेला. करण्यासारखं एकच काम उरतं. रॉडचं टोक होडीच्या नाकाकडे ठेवायचं, म्हणजे मासा सरळ ओढतो. आडवं ओढू दिलं, तर तो होडी उलटवूनच थांबेल.

मूळ कयाक उत्तर ध्रुवाकडच्या ज्या इनुइट लोकांची, ते शहाणे होते. सील मारताना हार्पूनच्या, म्हणजे फेकायच्या भाल्याच्या, दोरीला ते हवा भरलेली कातड्याची पिशवी बांधत आणि ती पाण्यात सोडून देत. दमायचं काम सील आणि पिशवी आपापसात बघून घेत. आम्ही मधली पिशवी काढली आणि तिच्या जागी स्वतः जाऊन बसलो. त्यासाठी वर पैसे मोजले, ते वेगळंच.

तर त्या पिशवीच्या भूमिकेत मी धक्क्यासमोरून पहिल्यांदा गेलो, तेव्हा छत्री घेतलेले एक काका कठड्याला टेकून उभे होते.

"अडकलाय वाटतं," ते म्हणाले.

"मासा आहे!"

"छे. दगड आहे."

पुढचं बोलणं होण्याआधी मी लांब गेलो होतो. माशाने गोल वळसा घेतला आणि पाचेक मिनिटांनी मला पुन्हा त्यांच्यासमोर आणून सोडलं. काकांनी विषय जिथे राहिला होता तिथूनच उचलला.

"ढील द्या. दगडातून गळ ढिलाईनेच सुटतो."

"अहो काका, दगड चालतो का?"

"दगड कुठे चालतोय? तुम्ही चालताय. पाण्याला ओढ आहे."

"भरती आहे! मी उलटा जातोय!"

"मग वारा असेल."

वारा पूर्ण पडलेला होता. काकांच्या छत्रीची झालरसुद्धा हलत नव्हती. मी रॉडनेच छत्रीकडे बोट दाखवायला गेलो, तेवढ्यात माशाने खाली मुसंडी मारली आणि कयाकच्या कडेवरून पाणी आत आलं. वादात हात मोकळे असावे लागतात. काकांचे दोन्ही मोकळे होते.

तिसऱ्या फेरीत मी मुद्देसूद बोलायचं ठरवलं. ओरडून सांगितलं, की दोरीतून झटके येताहेत, ठक् ठक् ठक्, हे डोकं झटकणं असतं. दगडाला डोकं नसतं. ही ट्रेव्हॅली आहे, जायंट ट्रेव्हॅली. 2006 साली जपानमध्ये 72.8 किलोची धरली गेली होती. हिची रीतच ही, अंग आडवं धरून पाणी अडवायचं आणि जवळ जो खडक असेल तिकडे पळायचं.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "पाहिलीत?"

"काय?"

"ती. तुम्ही पाहिलीत का?"

पाहिली नव्हती. अर्धा तास झाला होता, हाताची बोटं वळत नव्हती, आणि खरं सांगायचं तर तोवर पाण्यावर एक शेपूटसुद्धा दिसलं नव्हतं.

"नाही," मी म्हणालो.

"मग?"

या 'मग'ला मला अजून उत्तर सापडलेलं नाही. मला मासा ओढून नेतो याचा राग नाही, त्याचा जीव पणाला लागलेला असतो. कोरड्या चपलांत उभं राहून दुसऱ्याच्या हातातल्या वजनाचा निकाल देणाऱ्यांचं मात्र काय पणाला लागतं? दुकान, दवाखाना, लग्न, कुठेही जा, कठड्याला टेकलेलं कुणीतरी असतंच. आणि आवाज त्यालाच लागतो, कारण धाप आपल्याला लागलेली असते. मी त्यांना काय बोललो, ते इथे लिहीत नाही. वयाने मोठे होते. ऐकूही गेलं नसावं, कारण तेवढ्यात मासा थेट धक्क्याच्या पायाशी टाकलेल्या दगडांकडे निघाला.

मी हाताने रीळ दाबून धरलं. रॉड कमानीसारखा वाकला. आणि मग एकदम काहीच नाही. हातात एवढी मोठी रिकामी जागा मी कधी धरली नव्हती.

"सुटला ना?" वरून आवाज आला. आवाजात खरोखरचा आनंद होता. "ढील दिलीत म्हणून."

मी धक्क्याला लागलो आणि दोरीचं टोक त्यांच्यापुढे धरलं. शेवटचा हातभर भाग खरखरीत झालेला, चघळल्यासारखा. पुरावा! काकांनी छत्री काखेत घेतली, टोक चिमटीत धरून डोळ्यांजवळ नेलं, उलटसुलट केलं.

"दगडाला घासलीय," ते म्हणाले.

घासली होतीच. दगडालाच. तिला दगडापाशी नेलं कुणी, हे सांगायला मी तोंड उघडलं, पण काका वळले होते. मागून एक मुलगा रॉड घेऊन येत होता.

"इथे टाकू नकोस रे. खाली दगड आहे. यांचा आत्ताच अडकला होता."

मुलाने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग कमरेपर्यंत भिजलेल्या माझ्याकडे.

"थँक्यू काका," तो मला म्हणाला.